दोन वण

"ग्रहणात विळी हातात घेऊ नकोस, म्हणून हजारदा बजावलं होतं!" बाळाच्या दोन्ही करंगळ्यांशेजारी लोंबणारी सहावी बोटं पाहून वत्सलाबाई बाळंतीण सुनेवर कडाडल्या. सून भिंतीकडे तोंड करून मुसमुसू लागली.

"आजी, गर्भात कुठे किती बोटं फुटायची, ते जनुकं ठरवतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "विळी नाही. घराण्यात कुणाला होती अशी बोटं?"

"आमच्याकडे? शक्यच नाही!" वत्सलाबाईंनी हात झटकले. डॉक्टरीणबाईंनी ते हवेतच धरले. दोन्ही करंगळ्यांच्या बुडाशी मुगाएवढे पांढुरके वण होते.

"लहानपणी विळीवर पडले होते. आई सांगायची."

"दोन्ही हातांना, बरोब्बर एकाच जागी लागलं?" डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "पूर्वी सुईणी जन्मतःच असं बोट दोऱ्याने आवळून पाडायच्या. मागे असाच वण राहतो."

वत्सलाबाई मटकन खाटेवर बसल्या. दर ग्रहणाला त्यांची आजी आईला घालून पाडून बोलायची आणि आई चुलीकडे तोंड करून मुकाट रडायची. का, ते पासष्ट वर्षांनी आज कळलं.

त्यांनी वर पाहिलं. समोर सुनेची पाठ अगदी तशीच हलत होती.