पहिला लाइक

“अरे, कमेंट वाच की! लोक ढसाढसा रडतायत,” बँडचा ड्रमर जितू फोनवर ओरडत होता. नवा अल्बम येऊन आठवडाच झाला होता आणि ‘उद्या भेटू’ हे गाणं ज्याच्या त्याच्या तोंडी होतं.

कौस्तुभने कमेंट उघडल्या. ‘हे ऐकून कित्येक दिवसांनी घराबाहेर पडले.’ ‘आईच्या केमोला जाताना गाडीत हेच लावतो.’ शब्द कौस्तुभचेच होते. भेटायची वेळ संपली की दवाखान्याच्या पायरीवर बसून त्याने ते बायकोसाठी लिहिले होते. गाणं रेकॉर्ड व्हायच्या आधीच शलाका गेली.

त्याने गाणं लावलं. दाराशी शलाकाच्या चपला अजून तशाच होत्या. गाणं संपलं, तरी आत काही म्हणता काही हललं नाही. मग खोट्या नावाने त्याने लिहिलं, ‘मला काहीच फरक पडला नाही.’ निदान एकाने तरी ‘मलाही नाही’ म्हणावं, एवढीच त्याची आशा होती.

लोक तुटून पडले. कुणी त्याची अक्कल काढली, कुणी त्याला दगड म्हटलं. एका बाईने मात्र समजुतीने लिहिलं, ‘दादा, ज्याचं माणूस गेलंय त्यालाच हे गाणं कळतं. तुमच्यावर ती वेळ आली नाही, नशीबवान आहात.’

त्या उत्तराला पहिला लाइक पडला होता. शलाकाला खांदा दिलेल्या जितूचा.