पहिल्या रांगेतली खुर्ची

अकरावीतल्या एका मुलीची आई गेल्याचं शाळेत कळलं, तेव्हा कुलूपसर डबा खात होते. बातमी गाण्याच्या बाईंनी आणली.

"तिनेच येऊन सांगितलं. रडलीसुद्धा नाही हो," बाई म्हणाल्या.

"लगेच येत नाही रडू," सर म्हणाले आणि अर्ध्या डब्याला झाकण लावलं. त्यांची बायको जाऊन वर्षही झालं नव्हतं.

ते उपमुख्याध्यापक होते. कुणी कुठले विषय घ्यायचे ते ठरवणं त्यांच्याकडे होतं. एकदा ठरलं की ते पुन्हा उघडत नसत, म्हणून पोरांनी कुलूपसर हे नाव ठेवलं होतं. बायकोच्या कानावर ते गेलं तेव्हा ती पोट धरून हसली होती आणि मग घरात तीही तेच म्हणायची.

ही मुलगी मागच्याच महिन्यात त्यांच्या टेबलापुढे उभी होती.

"सर, मला गणितात कमी गुण आहेत, मान्य. पण जादा गणित घ्यावं लागलं की गाणं सुटतं. दोन्हींचा तास एकच आहे."

"कमी गुण म्हणजे जादा गणित. नियम आहे."

"म्हणजे जे येत नाही ते दोनदा, आणि जे येतं ते एकदाही नाही?"

सरांना हसू आलं होतं, पण त्यांनी ते दाबलं.

"गाण्याचा विषय असेल त्यालाच कार्यक्रमात गाता येतं, सर. माझी आई आजारी आहे. बरी नाही व्हायची. तिला एकदा मला स्टेजवर गाताना ऐकायचंय."

"बाळ, एकासाठी उघडलं की रांग लागते. विषय बदलायला एकच सवलत आहे. घरात कुणी गेलं तर."

"आजार नाही चालत?"

"आजार नाही चालत."

ती वळली आणि गेली.

आता ती परत आली तेव्हा सरांना तिच्या डोळ्यांकडे बघवेना. कारकून म्हणाला, "सर, मृत्यूचा दाखला लागेल."

"तो मिळवायला किती खेटे घालावे लागतात, मला विचारा. राहू द्या." त्यांनी सही केली.

"बाबांना फोन नका करू, सर," मुलगी म्हणाली. "ते सध्या कुणाशी बोलत नाहीत. घरीही कुणी नको आलेलं."

सरांनी मान हलवली. त्यांनी स्वतः कितीतरी दिवस फोन बंद करून ठेवला होता. तशीही ती दोन बस बदलून यायची. तिच्या बाजूला शाळेतलं कुणी राहत नव्हतं.

जादा गणितात अडकलेल्यांना ते सहन होईना. एक पोरगा जिन्यात म्हणालाच, "तुझं बरं झालं, सुटलीस. आमच्या घरी सगळे ठणठणीत. नाहीतर मीही चित्रकला घेतली असती."

सरांनी मागून येऊन त्याचा कान धरला. "लाज वाटत नाही?"

"सोडा त्याला, सर," मुलगी म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

ती जीव तोडून गायची आणि तास संपला की बससाठी धावत सुटायची. एकदा बाईंना म्हणाली, "आई म्हणते, वरचा स्वर ओढू नकोस, तो आपण होऊन येतो." आणि एकदम गप्प झाली. बाईंनी डोळ्यांना पदर लावला. दारातून सर म्हणाले, "होतं असं. मीसुद्धा परवा दुकानदाराला म्हटलं, हिला विचारून सांगतो."

त्या दिवसापासून ते तिची जास्तच काळजी घेऊ लागले. तिचा डबा नीटनेटका असायचा, ते पाहून त्यांना वाटायचं, पोरगी आपल्यापेक्षा लवकर शिकली.

कार्यक्रमाच्या दिवशी त्यांनी पहिल्या रांगेत, मधोमध, एक खुर्ची रिकामी ठेवली. तिच्यावर पांढरं फूल ठेवलं. पडदा उघडायच्या आधी तिला बोलावून दाखवली.

"ही तुझ्या आईची. इथे कुणाला म्हणून बसू देणार नाही मी."

मुलगी खुर्चीकडे बघतच राहिली. मग तिने आपला फोन बाईंच्या हातात दिला. "माझं गाणं रेकॉर्ड कराल? घरी ऐकवायचंय."

बापाला ऐकवणार असेल, असं सरांना वाटलं. ती गायली तेव्हा सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. तिची नजर त्या खुर्चीवरून हलली नाही. टाळ्या संपायच्या आत ती फोन घेऊन निघूनही गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी ठरवलं, नको म्हटलं असलं तरी जायचं. तिच्या बापाला भेटायचं. आपण दोघे एकाच वाटेचे. लेकीने नाव काढलं, एवढं तरी सांगायचं. ते दोन बस बदलून पोचले. दार उघडंच होतं. बाहेर चपलांचा ढीग पडला होता.

सरांनी शाळेचं नाव सांगितलं, तसा बाप दारात आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. "शाळेतून ना? इतक्या लवकर कसं कळलं तुम्हाला?"

"काय कळलं?"

"पोरीची आई पहाटे गेली," तो म्हणाला.

सरांनी त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं. मुलगी पलंगाला टेकून जमिनीवर बसली होती. फोन तिच्या मुठीत होता. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"चाकाच्या खुर्चीतून का होईना, कार्यक्रमाला न्या, म्हणून हट्ट धरला होता हिने," बाप सांगत होता. "मी गाडीही ठरवली होती. पण पोरीने येऊ दिलं नाही. का, ते काही सांगेना. रात्री फोन घेऊन धावत आली, तोवर हिची शुद्ध गेली होती. लेकीचं गाणं ऐकायचं राहूनच गेलं, सर."