सहीची पेटी

आगरदांड्याच्या भजनी मंडळाकडे नामांकित पेटीवादक रामाबुवा आक्षीकरांची सही असलेली बाजाची पेटी होती. सही पुसेल म्हणून बारा वर्षांत ती कुणी वाजवली नव्हती. दसऱ्याला तिला फक्त फुलं वाहत.

बासष्टच्या दसऱ्याला लाँचमधून एक थकलेला म्हातारा उतरला. "मी रामाबुवा. हाताला कंप सुटलाय. बोटं पुरती जायच्या आत एकदा या पेटीवर भैरवी वाजवू द्या."

मंडळाचे अध्यक्ष बाळाजी यांनी कागद पुढे केला. "आदी हितं सही करा, बुवा."

सही वेडीवाकडी आली. बाळाजींनी ती पेटीवरच्या सहीशी ताडून पाहिली आणि नकारार्थी मान हलवली.

"अरे, वाजवून दाखवतो. मग तरी पटेल?"

"म्हातारबा, वाजवील कोन पन. सही जमाया पायजे."