फळ्यावरचा कप्तान

"कप्तान बदलायचा नाही म्हणजे नाही!" मीनाक्षीने फळ्यावर खडू असा दाबला की त्याचे दोन तुकडे झाले.

फाटकाजवळच्या फळ्यासमोर वीसेक माणसं जमली होती. साडेसहा वाजून गेले होते. परळच्या त्या चाळीत एके काळी या वेळेला गिरणीच्या सातच्या पाळीची धावपळ असायची. आता संपाला वर्ष उलटलं होतं, हात रिकामे होते आणि डोकी तापलेली. त्यात वेस्ट इंडीजच्या दौऱ्याचा संघ जाहीर व्हायचा होता. मग काय, रोज सकाळी मीनाक्षी फळ्यावर काहीतरी ठणकावून लिहायची आणि चाळ पेटायची.

"अगो, कालच तू लिहिलंस ना, कप्तान बदला म्हणून?" अप्पा ओरडले. चाळीतले सगळ्यांत जुने क्रिकेटवेडे ते.

"काल ते काल. मी विचार केला, अप्पा."

"विचार केला म्हणे! नववीतलं चेडू, आणि निवडसमितीला शिकवतंय!"

सगळे खो-खो हसले. मीनाक्षीचे कान लाल झाले. "मला तीन दौऱ्यांचे आकडे पाठ आहेत. तुम्हाला आहेत? बोला!"

"आकडे गेले चुलीत!" गर्दी फोडून दत्तू पुढे आला. तो संप समितीचा चाळीतला माणूस, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. "त्या तोफखान्यासमोर छाती लागते छाती! कप्तान तरणाच पाहिजे!"

मीनाक्षीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काल हाच माणूस जुन्या कप्तानासाठी भिंतीवर मुठी आपटत होता. परवाही तसंच. ती जे लिहील त्याच्या बरोब्बर उलटं बोलायचं, एवढंच याला माहीत!

"दत्तूदादा, काल तुम्हीच जुन्यासाठी छाती बडवत होतात!"

"माझी छाती. कोणासाठी पण बडवीन!"

पुन्हा हशा, पुन्हा आरडाओरड. नळावरच्या बायकासुद्धा हंडे तिथेच टाकून भांडण बघायला फाटकाशी आल्या.

"थांबा, उत्तमला विचारूया," अप्पा म्हणाले. "मिलच्या टीममध्ये होता तो, मागाच्या साच्याखाली पाय सापडायच्या आधी. दत्तू, बोलाव रे तुझ्या भावाला."

"पाय सुजलाय त्याचा. झोपलाय," दत्तू म्हणाला आणि लगेच मीनाक्षीवर घसरला, "आणि ओपनर कोण घेणार गं तू? तुझा तो दादरचा मुळूमुळू खेळणारा?"

"मुळूमुळू? अहो, सहा तास उभा राहतो तो! तुम्ही सहा मिनिटं तरी राहाल का?"

"बास करा!" तुळशीदास कडाडला, तशी गर्दी गप्प झाली. संपात त्याने बायकोच्या पाटल्या मोडल्या होत्या. त्याच्यापुढे कोणी फारसं बोलत नसे. "घरात चूल पेटत नाही, आणि तुम्हाला कप्तान पाहिजे? हा फळा संपाच्या बातम्यांचा. आठ दिवसांपूर्वी नळाजवळ होता. इथे आणला कोणी?"

"मी," मीनाक्षी म्हणाली. "तिथे अंधार असतो. अक्षर दिसत नाही."

"आजच्या आज परत न्यायचा! फळा तिथे होता तेव्हा माणसं तिथे बसायची. मागची भिंत नजरेत राहायची. रामूला विसरलात वाटतं?"

रामूला कोणीच विसरलं नव्हतं. महिन्यापूर्वी शर्टात डबा लपवून तो मागच्या भिंतीवरून कामावर निघाला आणि सापडला. काळं तेल फासलेल्या तोंडाने, गळ्यात चपला घालून त्याला चाळभर फिरवलं. दुसऱ्या दिवशी त्याचं बिऱ्हाड गावाला गेलं. त्याची लहान मुलगी टॅक्सीत बसतानाही रडत होती.

"फळा नाही हलणार!" मीनाक्षी फळ्याला पाठ लावून उभी राहिली. तिचा आवाज चिरकला. तिला सगळ्यांचाच संताप आला होता. निवडसमितीचा, तुळशीदासचा, हसणाऱ्या माणसांचा, घरात आठ दिवस मुक्कामाला आलेल्या तापाचाही.

"अगो, कोंडीरामाला ताप उतरला असला तर खाली बोलाव," अप्पा हळूच म्हणाले. "बापच तुला आवरेल."

"नाही उतरला!"

"दत्तू, समितीचा तू," तुळशीदास म्हणाला. "तू सांग."

दत्तूने मीनाक्षीकडे पाहिलं. तिने डोळे वटारले. हा आता काय सांगणार, ते ठरलेलंच होतं.

"फळा इथेच राहील," दत्तू म्हणाला. "रोज रोज उपाशीपोटी गप्प बसलं तर माणूस मोडतो, तुळशीदास. भांडू दे की. बरं, तुझा कप्तान कोण, ते तर सांग."

"मला नाही पडायचं त्यात..." तुळशीदास घुटमळला. मग म्हणाला, "पण जुन्याला काढला तर ती हरामखोरी आहे!"

झालं! दत्तूने बाह्या सरसावल्या, अप्पांनी काठी उगारली आणि आधीपेक्षा दुप्पट गलका झाला. तुळशीदासने कोणाची तरी कॉलर धरली.

वर गॅलरीत राधाबाईने, मीनाक्षीच्या आईने, कठड्यावरची गोधडी झटकली आणि आत नेली.

"जाऊ दे," वर बघून मीनाक्षी म्हणाली. "दत्तूदादा, तुमचाच कप्तान खरा."

"आँ?" अप्पांची काठी हवेतच राहिली.

तेवढ्यात सातचा भोंगा वाजला. महिनाभरापासून तो पुन्हा वाजू लागला होता.

"वाजव, वाजव!" तुळशीदास त्या दिशेला थुंकला. "आमच्या चाळीतलं कुत्रंसुद्धा येणार नाही!"

पुटपुटत, शिव्या घालत माणसं पांगली. दत्तू तेवढा राहिला. त्याने जमिनीवरचा खडूचा तुकडा उचलून मीनाक्षीच्या हातात ठेवला. तिने तो हिसकावूनच घेतला.

"उद्या पाच मिनिटं जास्त भांड," दत्तू पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला. "तुझे बाबा भिंतीवरून पटकन उडी मारतात गं. आमच्या उत्तमदादाला त्या पायाने वेळ लागतो."