मेनफ्रेमची खंडेनवमी

सुमित्राबाईंनी स्क्रीनवरची ओळ पुन्हा वाचली, मग चष्मा पुसून आणखी एकदा वाचली.

मुलं मोठी होईतो त्या घरी होत्या. आता म्हैसूरजवळच्या हूटगळ्ळीतल्या आपल्या जुन्या ऑफिसात पुन्हा आल्या होत्या, तेही आधी परीक्षा, मग नोकरी या बोलीवर. आताचा मॅनेजर वेंकटेश, धाकट्या दिराच्या वयाचा. म्हणाला होता, "दर दसऱ्यात एक दिवस हा प्रोग्राम चालतच नाही, अक्का. परदेशातली कंपनी ओरडते. का ते शोधा, दुरुस्त करा, नोकरी तुमची."

शोधायचं काय, कपाळ! चोर घरातच होता. पुढच्या काही वर्षांच्या खंडेनवमीच्या तारखांना प्रोग्रामनं गप्प बसावं, ही ओळ त्यांनीच घातलेली. शेजारी नावसुद्धा. विम्याची बिलं एक दिवस उशिरा गेली तर कुणाचं घोडं अडतं? पण आयुधपूजेला आयुध राबवायचं? माहेर-सासर दोन्ही म्हैसूरच्या घोडदळातलं. सासरे शंभूराव अजून गंजकी तलवार घासून पुजतात. प्रोग्राम चालवणारा मेनफ्रेम संगणक सातासमुद्रापार, कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. म्हणून काय झालं? पोटाला घालतं ते आयुधच.

ओळ पुसली की नोकरी पक्की. बोट पुढं गेलं, मागं आलं. अय्यो, नोकरी हवी होती हो! 'आता कुठलं जमतंय तुला,' असं घरात ज्यानं त्यानं ऐकवलं होतं. त्यांना रडूच यायला लागलं. शेवटी पदर खोचून त्या वेंकटेशच्या खोलीत गेल्या.

"सार, बिघाड सापडला. मीच घातलाय. पण काढणार नाही. खंडेनवमीला आयुध राबवायचं पाप माझ्या हातून व्हायचं नाही. घरी जा म्हणा, जाते."

वेंकटेशनं आधी उठून दार लावलं.

"हळू बोला की मा! तुमच्या आधी दोघं आले. शहाण्यांनी ओळ झटक्यात काढली. मला परत घालावी लागली. दोघांना कॉफी पाजून वाटेला लावलं."

सुमित्राबाईंनी खोचलेला पदर सोडला.

"तुमच्या तारखा केव्हाच संपल्या, अक्का," वेंकटेशनं खणातून पंचांग काढून त्यांच्यापुढं सरकवलं. "पुढच्या मीच घालत आलोय. यंदापासून तुम्ही घाला."