लाल म्होरकी

"आज नक्की," विब्रेन म्हणाला. सलग एकविसाव्या सकाळी तो हेच म्हणत होता.

हिस्के, त्याची बायको, नवा पेंढा पसरत राहिली. तिची कंबर मोडून आली होती. घोडीच्या शेपटीला पट्टी बांधायची, संध्याकाळी सोडायची. टॉवेल, बादली, नाळेसाठी आयोडीनची वाटी, सगळं रोज मांडायचं. येल्शे घोडी मात्र निवांत गवत ओढत उभी.

"हिची कास अजून रिकामीच आहे रे."

"काहींची शेवटच्या दिवशी भरते. चाळीस वर्षं शिंगरं काढतोय मी."

"डॉक्टरांना एकदा बोलावू या ना."

"त्यांनीच दाखवलं ना उन्हाळ्यात यंत्रावर, पोटातलं शिंगरू? विसरलीस?"

ती विसरली नव्हती. त्याच दिवशी विब्रेनने येल्शेच्या तोंडावर लाल पट्ट्यांची म्होरकी चढवली होती आणि तिच्या बहिणीला, रिक्स्तला, निळी. दोघी अस्सल फ्रीजियन जातीच्या, नखशिखान्त काळ्या, कपाळावर पांढरा ठिपकासुद्धा नाही. पूर्वी विब्रेन त्यांना नुसत्या चालीवरून ओळखायचा; हिस्केला ते कधीच जमलं नव्हतं. आता मोतीबिंदूमुळे रंग तेवढे कळत.

डोळ्यांचं ऑपरेशनही त्याने शिंगरासाठी लांबवलं होतं. शिंगराचा बाप, विब्रेनचा जीव की प्राण असलेला म्हातारा घोडा, हिवाळ्यात गेला. त्याचं हे शेवटचं शिंगरू. ते उभं राहिलेलं पाहायचं आणि तबेला बंद करायचा, एवढीच विब्रेनची इच्छा उरली होती.

कामं मात्र सगळी हिस्केच्या गळ्यात. शरदात दोघी घोड्या कुरणातून चिखलाने लडबडून आल्या, त्यांना धुतलं तिनेच. म्होरक्या उतरवून घासल्या, वाळवल्या, पुन्हा चढवल्या तिनेच. भाकड रिक्स्त शेजारच्या लोल्केला देऊन टाकली, तेव्हा तिला पोचवायलाही तीच गेली.

"जरा बाहेर जाऊन बस," ती म्हणाली. "कुणी बघत असलं की घोड्या लाजतात, वीत नाहीत."

"मला कुठे काय दिसतंय? लाजायचं काय त्यात!"

कितीतरी दिवसांनी हिस्केला हसू आलं. या माणसाला ते शिंगरू दिसू दे, एवढंच तिला वाटलं. बाळ झालं की वाटतात तो टोस्टचा पुडा आणि साखरेची रंगीत बडीशेप तिने केव्हाच आणून ठेवली होती.

तेवढ्यात तबेल्याच्या दारात लोल्के उभा राहिला. हातात फडक्याने झाकलेली थाळी.

"राहवेना, म्हणून थेट इकडेच आलो," म्हणत त्याने फडकं काढलं. टोस्टवर गुलाबी बडीशेप पसरलेली होती.

"अगंबाई! तुझ्या लेकीला मुलगी झाली?"

"छे गं! आम्ही आपले समजत होतो, गवत खाऊन पोट सुटलंय. पहाटे जाऊन बघतो तर रिक्स्तच्या शेजारी शिंगरी उभी! आणि विब्रेन, तोंड अगदी तुझ्या म्हाताऱ्या घोड्याचं."