सीमेपलीकडची लेन्स

पहिली काठी शोकेसवर बसली आणि नवरानवरींच्या फ्रेमा काचांसकट खाली आल्या. दुसरी माझ्या खांद्यावर बसली.

"सीमेपलीकडनं माल मागवतोस? गद्दार साला!" रणधीरदादा ओरडला. त्याच्यामागून दहा-पंधरा पोरं माझ्या स्टुडिओत घुसली होती.

"जुनी लेन्स आहे, दादा. तिकडच्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरनं दुकान बंद केलं, म्हणून ऑनलाइन विकायला काढली. दुबईमार्गे आली. अशी आता इकडं मिळतच नाही."

उत्तरादाखल तोंडावर बुक्का बसला. दात हलला, तोंडभर रक्ताची खारट चव पसरली. बायकोनं सकाळीच पूजा करून लेन्सला कुंकवाचं बोट लावलं होतं. दादानं ती उचलून फरशीवर ठेवली, एका पोराच्या हातातला हातोडा घेतला, उगारला आणि थांबला.

"अरे, व्हिडिओ कोण काढतंय?"

पोरांनी भराभर मोबाइल वर केले.

"त्यात काय दिसणार, डोंबल!" म्हणत त्यानं कपाटावरचा माझा जुना कॅमेरा माझ्याच हातात कोंबला. "तू काढ. माझ्या लग्नात काढलास तसा झकास आला पाहिजे. नाहीतर पुढचा घाव तुझ्या बोटांवर."

मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत मी कॅमेरा डोळ्याला लावला. त्याच्या पाठीमागं उघडं दार, त्यामुळं दादाचा चेहरा पार काळा येत होता. जन्माची सवय, जीभ आवरायच्या आधीच बोलून गेलो,

"दादा, जरा उजेडाकडं तोंड करा. हां, बास. आता हाणा."